आधी हात बांध

आमच्या गल्लीत रागवायला नातं लागत नसे. कोणीही कोणालाही रागवायचं. शेजारचे काका माझ्या बाबांना रागवायचे, बाबा कोपऱ्यावरच्या पानठेलेवाल्याला रागवायचे, पानठेलेवाला आम्हा पोरींना रागवायचा, आणि आम्ही पोरी काय कमी होतो? आम्ही ठेल्याखाली झोपलेल्या कुत्र्याला रागवायचो. या सगळ्यांच्या वर माझी आत्याबाई. बाबांची थोरली बहीण, आमच्या समोरच्याच घरात दिलेली. तिला रागवायला गल्ली पुरत नसे. मोठ्या रस्त्यावरून जाणारा अनोळखी सायकलरिक्षावालासुद्धा तिच्या तावडीतून सुटायचा नाही.

ही गल्ली जुन्या नागपुरातली, विणकरांची. घरोघरी माग होते. बाबा साड्या विणायचे, आत्याबाई कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. सकाळी सकाळी कोणाचा ना कोणाचा ताणा गल्लीत लागायचा. साडीचे उभे धागे, हजारोंनी, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत बल्ल्यांना ताणून बांधायचे आणि त्यांना खळ लावून कुंचल्यानं सारखे करायचे. ते वाळेपर्यंत गल्ली बंद. सायकलवाला उतरून भिंतीला घासत जायचा, दूधवाला लांबून वळसा घ्यायचा, आणि एखाद्या पोराचा पतंग ताण्यावर पडलाच तर पोर, पोराची आई आणि पतंग विकणारा, तिघांचाही उद्धार व्हायचा.

मला पाहायला धरमपेठेतून मंडळी आली त्या दिवशी शेजारच्या काकांचा ताणा लागलेला होता. पाहुण्यांची भाड्याची मोटार गल्लीच्या तोंडाशी अडली. बाबांना घाम फुटला. ते हळूच काकांना म्हणाले, "थोड्या वेळासाठी सोडता येईन काय?" काका काही बोलायच्या आत आत्याबाई कमरेवर हात ठेवून मधोमध उभी.

"खळ वाळली नाही अजून," ती म्हणाली. "धागे तुटले तं कोण जोडन? नवरदेव थांबते, साडी नाही थांबत."

मंडळी उन्हात थांबली. अर्धा तास. त्यात नवरदेवाला काय सुचलं कोण जाणे, त्यानं ताण्यातल्या एका धाग्याला बोट लावून पाहिलं. आत्याबाई कडाडली, "हात काढ गा! लग्न व्हाचं आहे काय नाही तुले?" नवरदेवानं हात खिशात घातला तो चहा पिईपर्यंत बाहेर काढला नाही. आमचं लग्न ठरलं. हे अजूनही सांगतात की आपण होकार दिला तो भीतीपोटी.

ते दिवस सोन्याचे होते असं मी म्हणणार नाही. बाबांना सुताच्या धुळीचा खोकला होता तो शेवटपर्यंत गेला नाही. पोरगी जरा मोठ्यानं हसली की चार घरांतून आवाज यायचा. मीही पुष्कळदा उशीत तोंड घालून रडलेली आहे. पुढे एकेक माग बंद पडला, कोणी दुकान टाकलं, कोणी नोकरी धरली, आत्याबाई मुलाबरोबर नागपूरबाहेर कुहीला राहायला गेली. त्यानं तिथं किराण्याचं दुकान काढलं. गल्लीत आता ताणा लावायला जागाच नाही, सगळीकडे मोटरसायकली उभ्या. आणि तरीही मला त्या गल्लीची आठवण येते ती मागांच्या आवाजामुळे नाही की रंगीत सुतामुळेही नाही. मला त्या रागवण्याची आठवण येते.

कारण आता मी धरमपेठेत राहते. चौथा मजला, लिफ्ट, दाराला डोळा. नागपूर छान झालं आहे, खोटं कशाला बोलू? डोक्यावरून मेट्रो जाते, उन्हाळ्यात गारेगार बसून सगळं शहर पाहता येतं. पण रागवत कोणी नाही. एकदा माझ्या हातून लिफ्टमध्ये कचऱ्याची बादली सांडली. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी समोरच होते. गोड हसून म्हणाले, "असू द्या काकू, होतं असं." आणि तासाभरात मोबाईलवर संदेश आला: 'सर्व सभासदांना नम्र विनंती की लिफ्ट स्वच्छ ठेवावी.' सर्व सभासद म्हणजे मी. अरे, तोंडावर बोल ना बाबा! चार शब्द बोल, मी चार बोलते, मग दोघं मिळून झाडून काढू.

घरातही तेच. सून पुण्याची, गुणाची पोर. भाजीत मीठ जास्त पडलं तर मुकाट्यानं पाणी पिते. "छान झालीय आई," म्हणते आणि तिसरा पेला भरते. मी स्वतः तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण शेवटी शेवटी तिथंही पोरांना रागवायची सोय राहिली नव्हती. म्हणजे न कोणाला रागवता येतं, न कोणी आपल्याला रागवतं. माणूस आहे की पाहुणा, तेच कळत नाही.

त्यामुळे या हिवाळ्यात आत्याबाई माझ्याकडे राहायला येणार म्हटल्यावर मी मनातून हरखले. हरखायचं कारण नव्हतं खरं तर. ती कुहीला अंगणात घसरून पडली होती आणि तिचं उजवं मनगट मोडलं होतं. नागपुरात धंतोलीतल्या दवाखान्यात प्लास्टर झालं, सहा आठवड्यांनी निघालं. आता तिथंच रोज हाताचा व्यायाम करायला जायचं होतं, आणि ऐंशी पार केलेल्या बाईला कुहीहून रोज कोण आणणार? म्हणून माझ्याकडे. मी सुनेला आधीच सांगून ठेवलं, "घाबरू नकोस. ती ओरडेल. पडद्यांवरून ओरडेल, चपलांवरून ओरडेल, तू उशिरा उठतेस त्यावरून तर नक्कीच ओरडेल. मनावर घ्यायचं नाही."

आत्याबाई आली. सोफ्यावर टेकली. उजवा हात मांडीवर ठेवला, तिथंच ठेवला. चपला, पडदे, सून, कशाकडेही पाहिलं नाही.

मी चहा दिला. गडबडीत साखर घालायची राहिली होती. ती सगळा प्यायली.

"आत्याबाई, फिका होता नं?"

"चालते नं," ती म्हणाली.

तिला रागवायला लावायचंच, मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम भात बिघडवला. कुहीच्या धानाचा मोकळा भात खाणारी ती, तिच्यासमोर मी लगदा वाढला. सुनेनं डाव्या हातात चमचा दिला, तिनं चार घास खाल्ले. "चालते नं." तिसऱ्या दिवशी भाजी करपवली. चालते नं. चौथ्या दिवशी मी तिच्यासमोर चपला घालून देवघरात गेले. माय वं, देवा, माफ कर मला, पण मी गेले! तिनं खिडकीकडे मान वळवली. एवढंच.

दवाखान्यात व्यायाम करून घेणारी मुलगी समजूतदार होती. तिनं आत्याबाईला एक मऊ पिवळा चेंडू दिला होता, दिवसातून दहा वेळा दाबायला. आत्याबाई तो मांडीवर घेऊन बसायची. दाबायची नाही. एक दिवस त्या मुलीनं मला बाहेर बोलावलं आणि स्पष्ट सांगितलं, "हाड जुळलं आहे. पण या दोन-तीन आठवड्यांत बोटं चालवली नाहीत तर ती आखडतील. मग आजींना घाससुद्धा स्वतःच्या हातानं घेता येणार नाही. त्यांनी मनावर घ्यायला हवं, माझ्या हातात काही नाही."

त्या दुपारी मी आत्याबाईच्या पायाशी बसले. लाडीगोडी लावली, हातापाया पडले, शेवटी आवाजही चढवला. ती आपल्या हाताकडे पाहत म्हणाली, "आता या हाताचं काय काम राहिलं वं? माग गेले. कांड्या गेल्या. रोट्या कुहीले माह्या सुनेच्या मशीनवर होतात. राहू दे."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले. मला खूप राग आला होता, पण कोणाचा ते कळेना. डोक्यात एकच शब्द राहिला होता. रोट्या.

लांब रोटी ज्यांनी पाहिली नाही त्यांना सांगते. गव्हाचं पीठ सैल भिजवायचं आणि परातीत आपटून आपटून त्याला तार आणायची, खांदे भरून येईपर्यंत. मग गोळा हातावर घेऊन झेलत झेलत वाढवायचा. लाटणं नाही, पोळपाट नाही. रोटी बोटांपासून कोपरापर्यंत साडीसारखी लोंबायला लागली की चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या मडक्यावर ती अलगद सोडायची. कागदासारखी पातळ, रुमालासारखी मऊ. गल्लीत कोणाकडे लग्न असलं की सगळ्या बाया एका अंगणात जमायच्या आणि आत्याबाई मधल्या मडक्यापाशी बसायची.

आणि बसण्याआधी एक काम असायचं. हात बांधायचा. बांगडीत रोटी अडकली की फाटते. पण आमच्यात बांगड्या काढून ठेवणं नको वाटायचं. मग बांगड्या कोपरापर्यंत वर सारायच्या आणि मागावर उरलेलं रंगीत सूत त्यांच्यावर गुंडाळून गाठ मारायची. प्रत्येक बाईच्या हातावर त्या महिन्यात तिच्या घरी विणलेल्या साडीचे रंग. कोणाचा हात अंजिरी, कोणाचा मोरपंखी. सूत पाहून कळायचं कोणाच्या मागावर काय आहे.

मी अकरा वर्षांची असताना आत्याबाईनं मला पहिल्यांदा गोळा दिला. मी इतकी हुरळले की हात बांधायचाच विसरले. रोटी झेलली, वाढवली, सगळ्या बाया पाहत होत्या, आणि मडक्यापर्यंत नेता नेता बांगडीत अडकून ती टरकन फाटली. आत्याबाई ओरडली ती पार पानठेल्यापर्यंत ऐकू गेली. "बयताड! आधी हात बांध, मंग पिठाले हात लाव!" पुढे वर्षभर मी गल्लीतून निघाले की कोणी ना कोणी विचारायचं, "काहून वं, हात बांधला काय?" अभ्यासाला निघाले तरी हेच, पाणी भरायला निघाले तरी हेच. लांब रोटी त्यानंतर मी चार-सहा वेळा केली असेन. चांगली एकदाही जमली नाही.

दुसऱ्या दिवशी मी कुंभाराकडून जाड बुडाचं मडकं आणलं. ते आधी मंद आचेवर भाजून घ्यायचं असतं, एवढं मला आठवत होतं. सून खाली बांधकाम चाललं होतं तिथून विटा घेऊन आली. रविवारी सकाळी आम्ही गच्चीवर चूल मांडली. आत्याबाईला खुर्चीत बसवून उन्हात ठेवलं. तिनं पाण्याच्या टाकीकडे तोंड केलं. सुनेनं संत्रं सोलून दिलं, ते तिच्या डाव्या हातात तसंच राहिलं. कमरेला तिचा सुपारीचा जुना बटवा खोचलेला होता. त्याला लाल-पिवळ्या सुताचा बंद होता, आमच्याच मागावर उरलेल्या सुताचा.

धूर निघाला तसे सेक्रेटरी वर आले. चूल पाहिली, विटा पाहिल्या. "वा काकू, छान उपक्रम!" म्हणून खाली गेले. पाच मिनिटांत सुनेचा मोबाईल वाजला. 'सर्व सभासदांना नम्र विनंती की गच्चीवर...' पुढचं तिनं वाचलं नाही.

मी पीठ आपटायला घेतलं. अर्धा तास आपटलं. खांदे गेले, कंबर गेली, पण तार आली. या वेळी मला काही बिघडवायचं नव्हतं. साखर, भात, भाजी, सगळे डाव वाया गेले होते. मला फक्त एक चांगली रोटी करून तिच्यापुढे ठेवायची होती, म्हणजे तिला वाटेल की हातानं करण्यासारखं अजून काही उरलं आहे. मी गोळा घेतला, झेलला. अहो, वाढायला लागला! या हातावरून त्या हातावर, बोटांवरून मनगटावर. सून मोबाईलवर चित्रण करायला लागली. "आई, कसलं भारी!" रोटी कोपरापर्यंत लोंबली, पलीकडचं ऊन तिच्यातून दिसायला लागलं. मी श्वास धरून मडक्याशी वाकले आणि रोटी सोडली.

अर्धी रोटी मडक्यावर पडली. अर्धी माझ्या मनगटावर लटकत राहिली. मुलानं वाढदिवसाला दिलेलं घड्याळ, दिवसभराची पावलं मोजणारं, ते हातात तसंच होतं. रोटी त्याच्या पट्ट्यात अडकून टरकन फाटली होती. आणि ते मेलं घड्याळ नेमकं तेव्हाच थरथरलं आणि माझं अभिनंदन करायला लागलं.

मडक्यावरच्या तुकड्याला जळका वास यायला लागला.

"बयताड!"

मी वळले. आत्याबाईची खुर्ची टाकीकडेच होती, पण ती पूर्ण मागे वळली होती.

"पन्नास वर्षं झाली तुले सांगून राहिली! हातात घड्याळ घालून रोटी टाकते काय? शाळेत पोरायले हेच शिकवलं? अन् ते पीठ पाहा, किती सैल केलं! अन् चूल कोणत्या तोंडाले मांडली, धूर सारा डोळ्यात येऊन राहिला! अन् तू वं," हे सुनेला, "फोटो काढून राहिली, सासूचा हात नाही दिसला तुले? डोळे फोनमंदी ठेवले काय?"

तेवढ्यात आवाज ऐकून सेक्रेटरी पुन्हा वर आले. दारात उभे राहून म्हणाले, "काही मदत हवी का?"

"तू कोण गा?" आत्याबाई म्हणाली. "उभा काय राहिला खांबासारखा? ते लाकूड आत सरकव, बाहेर जळून राहिलं."

सेक्रेटरींनी खाली बसून लाकूड आत सरकवलं. "असं का आजी?" त्यांनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांचा खरा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

"इकडे ये," आत्याबाई मला म्हणाली. "काढ ते घड्याळ. हात इकडे कर."

मी घड्याळ काढून सुनेकडे फेकलं आणि तिच्यापुढे गुडघ्यांवर बसले. संत्र्याच्या फोडी तिनं पदरात टाकल्या. डाव्या हातानं माझ्या बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या. त्याच हातानं बटव्याचा बंद ओढून सोडवला आणि माझ्या हातावर गुंडाळला, एक वेढा, दोन वेढे. आणि थांबली. एका हातानं गाठ बसत नाही.

उजवा हात मांडीवरून उचलला गेला. अंगठा आणि दोन बोटं पुढे आली. सुताचं टोक धरलं, ते निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. तिच्या कपाळावर घाम आला. दुखत असणार, ओठ घट्ट दाबले होते. माझा दुसरा हात मदतीला निघाला होता, तो मी मागे ओढला. तिसऱ्यांदा बोटांनी टोक पकडलं, खालून घेतलं, वर काढलं आणि ओढलं. गाठ बसली. विणकराची गाठ, तुटलेला धागा जोडतात तसली, बारीक आणि चपटी. ती सुटत नाही.

मी रडायला लागले. धुराचं नाव घेतलं नाही, सरळ रडले.

"रडून काय राहिली? मडकं जळून राहिलं तिकडे!"

मी उठले. दुसरी रोटी जाड झाली. तिसरी लहान झाली. आत्याबाईनं खुर्ची चुलीजवळ घ्यायला लावली आणि प्रत्येक रोटीगणिक माझी अब्रू काढली. सेक्रेटरी लाकडं सरकवत राहिले, आणि तेही दोनदा बोलणी खाऊन चुकले. चौथी रोटी अख्खी उतरली. तुपाचं बोट लावून, घडी घालून मी ती ताटात तिच्यापुढे ठेवली. सून सवयीनं चमचा शोधायला लागली.

आत्याबाईनं ताट जवळ ओढलं. उजव्या हातानं रोटीचा कोपरा धरला, डाव्या हातानं दाबून ठेवला आणि तुकडा तोडला. वाकडातिकडा तुटला. तो हळूहळू तोंडापर्यंत नेला आणि चावत बसली. आम्ही तिघंही तिच्या तोंडाकडे पाहत होतो.

"मीठ कमी आहे," ती म्हणाली.

मी वाटी उचलली आणि मीठ आणायला खाली पळाले. लिफ्टची वाटही पाहिली नाही.